महाडला आलेल्या आपल्या माणसांच्या अंगावर काय होते?

दर वर्षी २० मार्च किंवा २५ डिसेंबर जवळ आला की महाडमध्ये चित्ररथांची तयारी सुरू होते. कुठे पथनाट्य बसते, कुठे भला मोठा फलक लागतो. या सगळ्यांत १९२७ चे सत्याग्रही कसे दाखवले जातात? पुरुषांच्या डोक्याला निळे फेटे, अंगात इस्त्रीचे पांढरे सदरे, हातात निळे झेंडे. बायका निळ्या काठाच्या पांढऱ्या सहावारी साड्यांत. मध्यभागी निळ्या सुटातले बाबासाहेब. चित्र देखणे असते, फोटोही चांगले येतात. पण त्यातले बहुतेक सगळे १९२७ नंतरचे आहे.

निळा झेंडा आपल्याकडे आला तो शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनबरोबर, म्हणजे १९४२ च्या नागपूर परिषदेपासून. त्याआधीच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता आणि तो पक्षसुद्धा १९३६ सालचा. पांढऱ्या वस्त्राचे नाते १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेशी आहे. म्हणजे आपण १९४२ आणि १९५६ ही दोन साले उचलतो आणि १९२७ च्या माणसांच्या अंगावर चढवतो.

यात बिघडले काय, असे आमच्याच साथींनी आम्हाला विचारले. भावना महत्त्वाची, कपड्यांचे एवढे काय घेऊन बसलात? आम्ही महाड-पोलादपूर भागात काम करणारे काही जण गेले बरेच दिवस याच प्रश्नाच्या मागे आहोत, आणि आमचे म्हणणे असे आहे की इतर कुठल्या लढ्याबद्दल हा प्रश्न गौण असेल, महाडबद्दल नाही. महाडला पाण्याइतकाच कपडाही लढ्याचा विषय होता. कोणी काय नेसायचे, कुठपर्यंत नेसायचे, कुठल्या धातूचा दागिना घालायचा हे जातीने ठरवून दिले होते, आणि तो नियम १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या मंडपात मोडला गेला. आपण सगळ्यांनाच निळे-पांढरे करून टाकले की तो नियमही दिसत नाही आणि तो मोडणाऱ्या बायकाही दिसत नाहीत.

आधी पुराव्याबद्दल थोडे. जुना फोटो मिळाला की रंगाचा प्रश्न सुटला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिथूनच घोळ सुरू होतो. त्या काळात गावोगावचे फोटोवाले ज्या काचेच्या प्लेटा वापरत, त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू फोटोत काळपट उतरे आणि निळी वस्तू फिकट, कधी पांढरीच. म्हणजे जुन्या फोटोतला काळा फेटा लाल असू शकतो आणि पांढरा दिसणारा निळसर असू शकतो. हल्ली ६ डिसेंबरच्या आसपास मोबाईलवर बाबासाहेबांचे आणि जुन्या सभांचे 'रंगीत केलेले' फोटो फिरतात. यंत्र तिथे अंदाजाने रंग भरते. त्याला ना महाड माहीत, ना प्लेटेची ही खोड. असले फोटो पुरावा म्हणून वापरू नयेत.

अमेरिकेत बेसबॉलच्या पहिल्या व्यावसायिक संघांचे कपडे कसे होते यावर लोक वर्षानुवर्षे शोध घेतात. १८६९ साली सिनसिनाटीचा 'रेड स्टॉकिंग्ज' हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ उभा राहिला. नावातच लाल मोजे, पण त्या काळच्या फोटोत ते मोजे काळे दिसतात. नाव आणि वर्तमानपत्रांतली वर्णने नसती तर फोटोवरून कुणालाही लाल रंग सुचला नसता. एवढा जीव त्यांनी खेळाच्या मोज्यांवर टाकला. आणि त्याच खेळात १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू वरच्या दर्जाच्या संघात खेळला, त्यानंतर काळ्यांना तो गणवेश बंद झाला तो १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत. गणवेश कुणाला मिळतो आणि कुणाला मिळत नाही, हा त्यांच्याकडेही नुसत्या शिलाईचा प्रश्न राहिला नाही.

आपल्याकडे पळवणकर बाळू घ्या. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पुढे हिंदू संघाला त्याची गरज पडली. मैदानावर त्याच्या अंगात इतरांसारखेच पांढरे कपडे. चहाची सुट्टी झाली की इतरांना आत कपबशी आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. (याच बाळूने १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून हार पत्करली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.) एकसारखे कपडे चढवल्याने माणसे एकसारखी होत नाहीत, हे बाळूच्या मातीच्या भांड्याने सांगून ठेवले आहे. तरीही त्या कपड्यांना किंमत होती, कारण त्यांच्यावरून जात ओळखता येत नव्हती.

जात ओळखता यावी म्हणूनच तर कपड्यांचे नियम होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात खावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. हे पोथीतच राहिले असते तर एक गोष्ट. पण आपल्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' म्हणून मोजला जात होता. हक्क हा शब्द किती लबाडीने वापरता येतो याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. पेशवाईत महाराने ओळखू येण्यासाठी गळ्यात किंवा मनगटाला काळा दोरा बांधायचा, हे बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन'मध्ये नोंदवले आहे. खांद्यावरची घोंगडी आणि हातातली काठी ही तर गावकामाची खूणच. म्हणजे आपल्याला गणवेश नव्हता असे नाही. होता. तो आपण निवडलेला नव्हता आणि तो उतरवता येत नव्हता.

हा गणवेश अंगावरून उतरवणारा पहिला कपडा आपल्या भागात आला तो लष्कराचा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतल्या शिपायाला लाल कोट होता. सुरुवातीच्या दशकांत खाली मांडीपर्यंतची आखूड चड्डी असे आणि पाय उघडे असत. पूर्ण पाटलोणी नंतर आल्या. कॉलरचा आणि बाहीच्या टोकाचा रंग पलटणीप्रमाणे बदले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली पलटण याच फौजेची, आणि तिथल्या स्तंभावर नावाच्या शेवटी 'नाक' असलेली आपली २२ माणसे आहेत. आपल्या १ जानेवारीच्या फलकांवर मात्र उघड्या अंगाचे, हातात तलवारी घेतलेले वीर रंगवलेले असतात. ते शिस्तीत बंदूक चालवणारे, पगारी, लाल कोटातले पायदळ होते. उघडे अंग दाखवून आपणच त्यांचा कोट काढून घेतो, हे चित्रकारांच्या लक्षात येत नाही.

मुंबई फौजेचे एक वैशिष्ट्य होते. बंगालच्या फौजेत वरच्या जातींचा भरणा होता. मुंबईच्या पलटणीत बराच काळ वेगवेगळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत. १८०६ साली मद्रास फौजेत वेल्लोरला शिपायांनी बंड केले. त्याच्या कारणांत नवे शिरस्त्राण होते. त्याला चामड्याचा तुरा होता, आणि कपाळावरची जातीची खूण व कानातली बाळी काढायचा हुकूम होता. म्हणजे त्या शिपायांना गणवेशामुळे आपली जात-धर्माची खूण पुसली जाते याचा राग आला. आमच्या आजोबा-पणजोबांना नेमकी तीच गोष्ट हवी होती.

दापोली, खेड, मंडणगड आणि महाड या पट्ट्यात लष्करी पेन्शनरांची वस्ती मोठी होती. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी त्यांनी अस्पृश्यतेवर हल्ला करणारी पुस्तिका काढली. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे सोसले नाही. सुभेदार रामजी सकपाळ याच पिढीतले आणि शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. फौजेत वाचायला शिकलेला, वेळेवर पगार घेतलेला, पायात बूट घातलेला माणूस गावात परत येतो आणि त्याला पुन्हा घोंगडी-काठी घे म्हटले जाते. चळवळीची ठिणगी तिथे पडली, असे आम्हाला वाटते.

पण लष्कराचे गोडवे गाताना भान ठेवले पाहिजे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढवय्या जाती'चे खूळ काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. साहेबाने कोट दिला तसा काढूनही घेतला. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यापर्यंत निवेदन पोचवले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी झाली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९ मार्च १९२७ च्या महाडच्या भाषणात बाबासाहेबांनी या भरतीबंदीने आपल्या समाजाचे केवढे नुकसान झाले हे मुद्दाम सांगितले. समोर बसलेल्यांना ते समजावून सांगायची गरज नव्हती.

आता थोडे गणित करा. भरती बंद होण्याआधी विसाव्या वर्षी फौजेत गेलेला शेवटचा तरुण १९२७ साली पंचावन्नच्या आसपास असणार. १९१७ ला गेलेला तिशीत असणार. म्हणजे महाडच्या मंडपात निवृत्त सैनिकांच्या दोन पिढ्या होत्या, मध्ये पंचवीस वर्षांची पोकळी. त्यांचे कपडेही निराळे. म्हाताऱ्यांची पलटण लाल कोटाची. तरुणांची खाकीची. खाकी हा शब्दच 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या 'गाइड्स' पलटणीने तो रंग आधी वापरला आणि पुढे साऱ्या फौजेने घेतला. चित्ररथावर सैनिक दाखवायचे असतील तर सगळ्यांना एकाच मापाची खाकी देऊ नका. आणि निवृत्त माणूस म्हणजे पूर्ण गणवेशातला माणूस असेही धरू नका. बंदूक, पट्टा, सरकारी सामान परत जात असे. माणसाजवळ उरत असे ते पदक, फेटा बांधायची फौजी पद्धत, एखादा जुना कोट, आणि ताठ पाठ. धोतरावर कोट आणि कोटावर पदक, असा पेन्शनर आम्हाला पूर्ण गणवेशातल्या शिपायापेक्षा जास्त खरा वाटतो. समता सैनिक दलाची परंपरा आपण १९२७ पासून मोजतो, पण आज दलाच्या संचलनात जो गणवेश दिसतो तो तसाच्या तसा महाडच्या तळ्यावर नेऊन ठेवायला आमची तयारी नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. महाडमध्ये, महाडच्याच मातीत, एका रात्रीत जर कुणी नवा गणवेश घातला असेल तर तो बायकांनी.

२५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा सत्याग्रह कोर्टाच्या मनाईमुळे पुढे ढकलावा लागला. चित्ररथ इथेच थांबतात. पण २७ तारखेला बाबासाहेब खास स्त्रियांसमोर बोलले. तुमची लुगडी नेसायची पद्धत आणि तुमचे दागिने हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांच्या बोलण्याचे सार. लुगडे गुडघ्याशी न ठेवता वरच्या जातीच्या बायकांसारखे पायघोळ नेसा. हात कोपरापर्यंत भरणारे कथलाचे, चांदीचे दागिने काढा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. मुलींना शिकवा. तिथल्या तिथे बायकांनी नेसण बदलली, आणि ती कशी बदलायची हे दाखवायला टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातल्या स्त्रिया पुढे आल्या. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे ही नावे आपण घेतो. त्यांच्या घरातल्या बायकांनी त्या दिवशी जे केले ते सहसा सांगत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून या बायकांना इतिहासात आणले नसते तर आम्हालाही हा धागा सापडला नसता.

चित्ररथात सहावारी साडी का चालत नाही ते इथे कळेल. लुगडे नऊवारीच होते. आधीही नऊवारी, नंतरही नऊवारी. कापड तेच, बाई तीच, फक्त काठ गुडघ्यावरून घोट्यावर आला. त्याला एक पैसाही खर्च आला नाही. यावरून एक गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे काठ वर राहिला होता तो गरिबीमुळे नव्हे. कापड कमी होते म्हणून बाई आखूड नेसत होती असे कुणी म्हणेल तर त्याने सांगावे, मग त्याच कापडात ती एका रात्रीत पायघोळ कशी नेसू शकली? आमच्या भागात भातलावणीच्या चिखलात कुणब्याची बाईसुद्धा लुगडे वर खोचते. पण कामापुरते वर घेतलेले काम संपल्यावर खाली सोडता येणे वेगळे आणि जन्मभर वरच ठेवावे लागणे वेगळे.

दागिन्यांचेही तेच. हात भरून कथील घालणारी बाई हौशी वाटते. प्रत्यक्षात धातूवरून जात कळावी अशी ती व्यवस्था होती. मनूने लोखंड सांगितले, गावाने कथील दिले. पोलादपूरकडच्या एका वस्तीत नव्वदीच्या घरातल्या एका आजीने आम्हाला तिच्या सासूबद्दल सांगितले, "सासूनं गोट काढलं, पर हातावरचं वळ मरस्तवर गेलं न्हाय."

मंडपात नेसण बदलणे एक वेळ सोपे. आजूबाजूला हजारो आपली माणसे. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर. दासगावकडे, बिरवाडीकडे, पोलादपूरकडे आपापल्या गावची वेस ओलांडताना त्या बाईचा काठ घोट्यावर होता, आणि तो वेशीवरच्या प्रत्येकाला दिसणार होता. पाणी पिताना माणूस एकदाच पकडला जातो. लुगडे दिवसभर अंगावर असते. मार्चमध्ये तळ्यावर गेलेल्या लोकांना परतताना मारहाण झाली होती, हे डिसेंबरात आलेल्या प्रत्येक बाईला माहीत होते.

आणि ही भीती काल्पनिक नव्हती. महाडनंतर आठवडाभराने, ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंदूर भागातली बातमी आली. तिथल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला बजावले होते की त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि नक्षीदार झगे घालू नयेत. बलाईंनी नकार दिला तेव्हा त्यांचे विहिरीचे पाणी आणि गुरांची वाट बंद झाली. बाबासाहेबांनी ही बातमी पुढे 'जातिभेद निर्मूलन'मध्ये वापरली. महाडला कथील टाका म्हणणारे आणि इंदूरला चांदी घालू नका म्हणणारे एकाच प्रश्नावर बोलत होते. त्रावणकोरात नाडर बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे मार खावा लागला आणि १८५९ साली राजाचा हुकूम निघाला, तोही याच प्रश्नाचा भाग.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांचे 'संस्कृतीकरण' शिकवले गेले. खालच्या जाती वरच्या जातींचे रीतिरिवाज उचलतात आणि वर सरकू पाहतात, असा तो सिद्धांत. महाडच्या लुगड्यालाही त्याचे उदाहरण म्हणून बसवता येईल, कारण वरकरणी ते अनुकरणच दिसते. आम्हाला ते मान्य नाही. संस्कृतीकरणात माणूस जातीची उतरंड मान्य करतो आणि तीत स्वतःसाठी वरची पायरी मागतो. इथे दोनच दिवसांपूर्वी त्या उतरंडीचा ग्रंथ जाळला होता. महाडच्या बायकांनी वरच्या जातीचे देव घेतले नाहीत, सोवळे घेतले नाही, फक्त नेसण घेतली. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईकडे बघून तिची जात कळू नये, एवढाच त्याचा हेतू. कळलीच नाही तर शिवू नको कुणाला म्हणणार?

याला जोडून आणखी एक. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी सदरा टाकला आणि पंचा घेतला. गरिबांशी एकरूप होण्यासाठी. त्याबद्दल त्यांची जगभर वाहवा झाली. सहा वर्षांनी बाबासाहेब महाडच्या बायकांना सांगत होते की अंगभर नेसा. ज्याच्याजवळ उतरवायला सदरा आहे त्याने तो उतरवणे हा त्याग ठरतो. ज्यांना अंगभर नेसायचीच मनाई होती त्यांच्यासमोर तो त्याग काय कामाचा? सुटाबुटातल्या बाबासाहेबांना आजही कुणी 'साहेबी' म्हणून हिणवतो तेव्हा त्याला हे विचारावे.

आमच्या गटातल्या मैत्रिणींनी एक आक्षेप घेतला आणि तो आम्ही इथे लपवणार नाही. समाजाची इज्जत नेहमी बाईच्या कपड्यावरच का टांगायची? पुरुषांना काय सांगितले? पुरुषांनाही मेलेली जनावरे ओढणे आणि गावकीची लाचारी सोडायला सांगितली होती, हे खरे. पण आजही वस्तीतल्या बैठकीत मुलींच्या जीन्सवर भाषण देणारे कार्यकर्ते २७ डिसेंबरचा दाखला देतात, हेही खरे आहे. त्यांनी ते भाषण उलटे वाचले आहे. बाबासाहेबांनी बायकांना सांगितले होते ते गावाने लादलेली खूण टाकायला. नवी खूण लादायचा अधिकार त्यांनी आपल्याला दिलेला नाही.

शोध अजून संपलेला नाही, आणि वेळ कमी आहे. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळिये, केवनाळे आणि सुतारवाडीत दरडीखाली माणसे गेली, त्यापुढे कागदाचे दुःख बोलायचे नसते. पण त्या पुरात घराघरांतल्या ट्रंकाही बुडाल्या, आणि ट्रंकेत आजोबांचे फोटो, पेन्शनचे कागद, शाळेचे दाखले होते. 'बहिष्कृत भारत'चे अंक शासनाने ग्रंथरूपाने छापले म्हणून वाचले. आपल्या घरातले कुणी छापणार नाही.

म्हणून महाड, पोलादपूर, मंडणगड, दापोली भागातल्या साथींना विनंती आहे. घरात जुना फोटो असेल तर चौकटीतून ओढून काढू नका, आहे तसा मोबाईलवर उजेडात टिपा, मागची बाजूही टिपा, कारण स्टुडिओचा शिक्का बहुधा मागे असतो. फोटोतला कोट आजोबांचाच होता असे लगेच धरू नका. फोटोवाले गिऱ्हाइकासाठी कोट आणि पागोटी ठेवत. दागिने आणि लुगड्याचा काठ कुठपर्यंत आहे ते बघा, आणि फोटोतल्या बाईचे नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.

पदक असेल तर आम्हाला नक्की कळवा. पहिल्या महायुद्धाच्या एका पदकाची फीत मध्ये नारिंगी आणि दोन्ही बाजूंना पांढरी, काळी, निळी असते, दुसऱ्याची इंद्रधनुष्यासारखी. पहिल्या प्रकारचे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे आणि हमाली-मजुरीच्या तुकड्यांतल्या कित्येकांना काशाचे, म्हणजे धातूवरूनही माणूस कुठल्या कामाला होता याचा अंदाज येतो. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती कड भिंगातून वाचा. आणि जयंतीला चकचकीत दिसावे म्हणून पदक चिंच किंवा राख लावून घासू नका, कडेवरची अक्षरे त्यानेच जातात.